वर कोण बसतं?

"काका, तुम्ही वर बसता की खाली?"

सीएसएमटीबाहेरच्या रांगेत उभा होतो. विचारणारी मुलगी विशीतली. हातात पॅड, त्यावर क्लिपमध्ये अडकवलेले छापील कागद, गळ्यात कॉलेजचं ओळखपत्र. वाहतूक नियोजनाचा काहीतरी प्रकल्प होता. डबल डेकरने जाणाऱ्यांना प्रश्न विचारायचे आणि चौकटींत खुणा करायच्या. मी म्हटलं, खाली. "का?" पर्याय तिनेच भराभर वाचून दाखवले: लवकर उतरायचं असतं, जिना चढायला त्रास होतो, सामान असतं, वर जागा मिळत नाही, इतर. मी पहिल्यावर खूण करायला सांगितली आणि ते खरंही होतं. बस लागली, रांग सरकली. माझ्यापुढचा कुरिअरची पिशवी पाठीला लावलेला पोरगा धाडधाड जिना चढून वर गेला, मी दाराजवळची सीट पकडली. गारेगार हवा, बंद काचा, पुढच्या थांब्याचं नाव सांगणारा एकसुरी आवाज. ऑफिसात पोचलो, चहा आला, तरी तो प्रश्न डोक्यातून जाईना. लहानपणी कोणी मला हे विचारलं असतं तर मी त्याच्याकडे वेड्यासारखा बघितला असता. खाली कशाला कोण बसेल?

आम्ही नायगावला राहायचो आणि रविवारी गिरगावात मावशीकडे जायचो. डबल डेकर आली की मी आणि दादा मागच्या उघड्या फुटबोर्डवरून आत उडी मारून सरळ जिन्याकडे. जिना लोखंडी, वळणाचा, पायऱ्यांच्या कडा घासून चकचकीत झालेल्या. वर पोचल्यावर मान थोडी झुकवून पळायचं, कारण पुढची सीट रिकामी असेल की नाही याचा निकाल त्या दहा-बारा पावलांत लागायचा. असेल तर मग राज्य आपलं. पुढची काच उघडी असली की वारा असा तोंडावर यायचा की डोळ्यांतून पाणी काढायचा. परळला झाडांच्या फांद्या टपावर फटाफट आपटायच्या आणि आम्ही दोघं उगाच डोकी खाली घालायचो. आणि चाळी! रस्त्यावरून चालताना चाळ म्हणजे दुकानांची रांग आणि वर वाळत घातलेले कपडे. वरच्या मजल्यावरून मात्र सगळी बिऱ्हाडं आपल्या उंचीला यायची. कुणाच्या गॅलरीत शिवणाचं मशीन, कुणाकडे परातीत पापडाच्या लाट्या, कुणी बनियनवर बसून पेपर वाचतोय, कुणाच्या देव्हाऱ्यातला लाल बल्ब. बस सिग्नलला थांबली की एखादी बाई तांदूळ निवडता निवडता आमच्याकडे बघायची आणि आम्ही तिच्याकडे. तिला त्यात काही विशेष वाटत नसावं. दिवसभर तिच्या घरासमोरून बसचा वरचा मजला ये-जा करत असणार.

आई मात्र खाली असायची.

तिच्याकडे पिशवी असे. मावशीसाठी काहीतरी करून नेलेलं, डबा कलंडू नये म्हणून मांडीवर धरलेला. अंगावर नऊवारी नव्हती, पाचवारीच होती, पण चालत्या बसमध्ये वळणाचा जिना, एका हातात डबा, दुसऱ्या हातात निऱ्या, मग दांडा कुठल्या हाताने धरायचा? तिने कधी तक्रार केली नाही आणि आम्ही कधी विचारलं नाही. उतरायच्या आधी दोन थांबे ती कंडक्टरला सांगायची, कंडक्टर जिन्याच्या तोंडाशी उभा राहून वर ओरडायचा, "गिरगाववाली पोरं, खाली या!" आणि आम्ही नाइलाजाने ते राज्य सोडायचो. डबल डेकरवर मुंबईत जेवढं लिहिलं, बोललं, फेसबुकवर हळहळलं जातं, त्यातलं जवळजवळ सगळं वरच्या पुढच्या सीटवरून लिहिलेलं असतं. मीही आत्ता तेच केलं. खालच्या मजल्याच्या आठवणी कुणी लिहीत नाही. तिथे दिसायला काय होतं म्हणा, उभ्या माणसांच्या पाठी आणि पिशव्या.

आमचा एक मामा बेस्टमध्ये कंडक्टर होता, वडाळा डेपोला. डबल डेकरवर तेव्हा दोन कंडक्टर असत, एक खाली, एक वर. मामाला वरची ड्यूटी आवडायची. वर उभे प्रवासी घेत नाहीत, त्यामुळे चेंगराचेंगरी नाही; तिकिटं फाडायची, पंचने टिक-टिक करायचं आणि वाऱ्यात उभं राहायचं. खालच्याला मात्र दम नसे. दारावर तोच, घंटी त्याच्याच हातात, बायका-म्हातारे-पोरं चढवणं-उतरवणं त्याचं, आणि दिवसभर घशाला कोरड पडेपर्यंत एकच आरोळी: "वर जागा आहे, वर चला!" मामा सांगायचा, कितीही ओरडा, माणसं खाली एकमेकांच्या पायांवर उभी राहतील पण वर जाणार नाहीत. वर पंधरा-वीस सीट रिकाम्या, खाली श्वास घ्यायला जागा नाही. असं का, विचारलं तर म्हणायचा, "मुंबईचा माणूस बसमध्ये बसायला चढत नाही रे, उतरायला चढतो."

या एका वाक्यात त्या मुलीच्या प्रकल्पाचा बराच भाग आला असता.

दोन मजले म्हणजे दुप्पट माणसं, असं आपण मनातल्या मनात धरून चालतो. तसं होत नाही. बारा मीटर लांबीच्या साध्या एकमजली बसमध्ये ३५ ते ४० सीट असतात आणि गर्दीला जवळजवळ तितकीच माणसं उभी. आत्ता मुंबईत धावणाऱ्या विजेवरच्या वातानुकूलित डबल डेकरमध्ये ६५ च्या आसपास सीट आहेत. पण वर उभं राहायला बंदी, आणि जिन्याने खालच्या मजल्यावरची जागा खाल्लेली. म्हणजे फायदा बसायला मिळण्याचा आहे. गर्दीच्या वेळी किती माणसं कोंबता येतात या हिशोबात तो पुष्कळ आटतो. उलट या बसची लांबी दहा मीटरच्या आत आहे, रस्ता ती कमी अडवते, आणि फोर्टातल्या त्या दोन्ही बाजूंनी गाड्या लावलेल्या गल्ल्यांत वळते. आपल्याकडे रस्त्याचा प्रत्येक फूट कुणी ना कुणी आपलाच समजतो, तिथे ही जमेची बाजू लहान नाही.

वर उभं राहू देत नाहीत त्याला कारण आहे. डबल डेकरला रस्त्यावर आणण्याआधी कलवून बघतात. वरच्या मजल्यावर प्रवाशांच्या वजनाइतका भार ठेवायचा, खालचा मजला रिकामा, आणि बस एका बाजूला २८ अंशांपर्यंत झुकवायची. पडली नाही तर पास. डोळ्यांसमोर आणलं तर पोटात गोळा येतो, पण यंत्रं आणि बॅटऱ्यांचं वजन तळाशी असल्यामुळे ती सरळ उभी राहते. वर माणसं उभी राहिली की भार आणखी वर सरकतो, म्हणून मनाई. लहानपणी हाजीअलीच्या वळणावर बस हेलकावली की आम्ही आनंदाने ओरडायचो. हे माहीत असतं तर कदाचित जरा कमी जोरात ओरडलो असतो.

आता थांब्यावर उभं राहून बघू. समजा एखाद्या मार्गावर तासाला सहाशे माणसं जातात. साठ माणसांची बस घातली तर दहा बस लागतील, दर सहा मिनिटांनी एक. चाळिसांची घातली तर पंधरा बस, दर चार मिनिटांनी एक. ताटकळणं सरासरी तीन मिनिटांवरून दोनवर येतं. एका मिनिटाचं काय एवढं, असं वाटेल. पण मोठी बस मिळाली म्हणून फेऱ्या कमी करण्याचा मोह प्रशासनाला होतोच, आणि मग सहाचे दहा, दहाचे पंधरा व्हायला वेळ लागत नाही. पंधरा मिनिटं उन्हात उभ्या राहिलेल्या माणसाला येणारी बस किती मजली आहे याच्याशी घेणंदेणं नसतं. तो तोवर शेअर टॅक्सीत चौथा म्हणून दाटीवाटीने बसलेला असतो. दुसऱ्या बाजूने हेही खरं की आपल्या वाहतुकीत चार मिनिटांच्या दोन बस बऱ्याचदा आठ मिनिटांनी हातात हात घालून येतात. मग दोन आल्या काय आणि एक दुमजली आली काय. मामाचा हिशोब आणखी वेगळा होता. डबल डेकरला एक ड्रायव्हर आणि दोन कंडक्टर, म्हणजे तीन पगार. दोन सिंगल डेकरना चार. "एका पगारासाठी एवढा जिना?" असं म्हणून तो हसायचा. आता तिकीट मोबाइलवर आणि कार्डावर आलं, त्यामुळे हा हिशोब बदलला. पण वर कुणी खाकी कपड्यातला माणूस फिरत नाही हेही त्यातच आलं. रात्री साडेदहाला वर तीन पुरुष बसलेले असतील तर एकटी मुलगी वर जाईल का? कॅमेरे असतात, मान्य. माझी पुतणी म्हणते, कॅमेरा नंतर कामाला येतो.

मग डबल डेकर नकोच का? असं मी म्हणणार नाही, आणि ते केवळ पुढच्या सीटच्या प्रेमापोटी नाही. तिची एक जागा आहे आणि त्या जागेवर तिला तोड नाही. सीएसएमटीला सकाळी नऊच्या सुमाराला एक फास्ट लोकल येते आणि दोन मिनिटांत शेकडो माणसं एकदम बाहेर पडतात. त्यातल्या बऱ्याच जणांना जायचं असतं नरिमन पॉइंटकडे, बॅकबेकडे. सगळे एकाच ठिकाणी चढणार, सगळे जवळजवळ एकाच टप्प्यात उतरणार. मधे चढ-उतार फारशी नाही. अशा ठिकाणी जिना अडचण करत नाही. बस थांब्यावर निवांत भरते, वरचे आधी भरतात, दार लागतं, बस निघते. जुनी १३८ याच कामाची होती आणि आजच्या ए-११५ लाही हेच जमतं. अंधेरीला आगरकर चौकातून सीप्झला जाणारी ४१५ ही त्याच जातीची: स्टेशनवर चढा, कंपनीपाशी उतरा. ताडदेव ते आर. सी. चर्च जाणारी १२३ मात्र तिच्या मरीन ड्राइव्हमुळे लोकांच्या लक्षात राहिली. तिच्यात माणसं समुद्रासाठीही बसत. तिकिटात समुद्र वेगळा धरलेला नसे, एवढंच.

याच्या उलट, ज्या रस्त्यावर दर थांब्याला पाच चढतात आणि सहा उतरतात, तिथे डबल डेकर सगळ्यांचा वेळ खाते. जुन्या बसला मागे दारच नव्हतं. माणसं वेग कमी झाला की चालतं व्हायची, पडायचीही. आता दारं आहेत, ती लागल्याशिवाय बस हलत नाही, ते योग्यच आहे. पण वरून येणारा माणूस जिन्यात असताना ड्रायव्हरने थांबायचं, आणि मागच्या गाड्यांनी भोंगे वाजवायचे, हे प्रत्येक थांब्यावर झालं की अर्ध्या तासाचा रस्ता पाऊण तासाचा होतो. नव्या बसला दोन जिने आणि दोन दारं दिली आहेत ती याच दुखण्यावर. एकाने चढा, दुसऱ्याने उतरा. कागदावर. मी बघतो तर दोन्ही जिन्यांवर दोन्ही दिशांनी माणसं असतात, आणि मधल्या पायरीवर कुणीतरी फोनवर बोलत उभा असतो.

बाहेर देशांत हे सगळं सोडवून झालंय असं आपल्याला वाटतं, पण तिथेही वाद घालूनच लोक पुढे गेलेत. लंडनने मागे उघडा फुटबोर्ड असलेली आपली रूटमास्टर २००५ च्या डिसेंबरात रोजच्या सेवेतून काढली. त्याच काळात काही मार्गांवर मधे सांधा असलेल्या लांबलचक जोडबस आणल्या. पुष्कळ माणसं घेणाऱ्या, पण बहुतेकांना उभं ठेवणाऱ्या. दारं तीन, चढ-उतार झटपट. तरीही २०११ संपता संपता त्या गेल्या. वळणांवर रस्ता अडवतात, फुकटे फार, अशा तक्रारी होत्या. हाँगकाँगमध्ये १९४९ पासून डबल डेकर आहेत आणि आज तिथली बहुतेक बससेवा दुमजलीच आहे. शहरच उभं वाढलेलं, रस्ते अरुंद, दुसरं करणार काय. मला सगळ्यात आवडली ती सिंगापूरची युक्ती. खाली जिन्यापाशी एक छोटा फलक असतो, वर किती सीट रिकाम्या आहेत तो आकडा दाखवणारा. मामाची दिवसभराची आरोळी तिथे एका दिव्याने संपवली. वर गेलो आणि जागा नसली तर परत उतरायचं, या भीतीने माणूस खाली खोळंबतो, हे तिथे कुणाच्या तरी नीट लक्षात आलं होतं.

आपल्याकडे शहरं डबल डेकर परत आणतात तेव्हा आधी फोटोचा विचार होतो असं मला वाटतं. हैदराबादने २०२३ च्या फेब्रुवारीत फॉर्म्युला ई शर्यतीच्या तोंडावर विजेवरच्या दुमजली बस आणल्या. पर्यटकांना फिरवायला छान. मुंबईत पहिली विजेवरची डबल डेकर ऑगस्ट २०२२ मध्ये समारंभाने दाखवली आणि ती प्रत्यक्ष प्रवाशांना मिळाली २१ फेब्रुवारी २०२३ ला. सुरुवातीला नऊशेच्या गोष्टी होत्या. रस्त्यावर आल्या त्या पन्नासच्या घरात. वातानुकूलित बसचं किमान भाडं तेव्हा ६ रुपये होतं, मे २०२५ मध्ये ते १२ झालं. पुण्यातही २०२५ मध्ये हिंजवडीकडे चाचणी घेतली. ते ऐकून मला बरं वाटलं, कारण हिंजवडी म्हणजे परत तेच, सकाळी सगळे आत आणि संध्याकाळी सगळे बाहेर. तिथे न चालली तर कुठे चालणार. फक्त वरून जाणाऱ्या केबलच्या जुड्या, झाडं आणि गणपतीतल्या कमानी, यांची उंची कुणीतरी आधी मोजून ठेवायला हवी. पावणेपाच मीटर उंचीची बस मांडवाखालून जाणार नाही. आणि मंडळ मांडव हलवणार नाही, हे पुण्यात राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको.

पण फोटोचा मोह एकट्या प्रशासनाला नसतो. १५ सप्टेंबर २०२३ ला जुन्या डिझेलवरच्या डबल डेकरची शेवटची फेरी झाली, त्याच ४१५ वर. बसला फुलं बांधली होती, फुगे लावले होते, माणसं केवढी लोटली. मी गेलो नाही, पण दिवसभर फोनवर तेच येत होतं आणि मीही दोन ठिकाणी पुढे पाठवलं. संध्याकाळी दादाचा मेसेज आला, "आपली बस गेली." तेव्हा जरा विचित्र वाटलं, कारण ती आपली बस नव्हती. बसचं आयुष्य पंधरा वर्षांचं धरतात. त्या दिवशी ज्या गेल्या त्या २००८ च्या आगेमागे आलेल्या असणार. आम्ही वाऱ्यात बसायचो त्या गाड्या त्याआधी कधीतरी भंगारात निघाल्या. त्यांना फुलं कुणी बांधली नाहीत, आम्ही विचारलंही नाही. ती ट्रेलर नावाची बस, पुढे ट्रकसारखी सुटी केबिन आणि मागे ओढलेला दुमजली डबा, ती १९६७ पासून होती. ती कधी गेली हे मला आठवतसुद्धा नाही. १९९० च्या सुमाराला मुंबईत नऊशेच्या आसपास डबल डेकर होत्या. त्या एकेक करून कमी होत गेल्या तेव्हा आम्ही लोकलचे पास काढत होतो, पहिली स्कूटर घेत होतो, कांदिवलीत, डोंबिवलीत घरं बघत होतो. बस कमी झाल्याचं दुःख आम्हाला बस पूर्ण संपताना झालं.

एकूण बसच कमी झाल्या, ही खरी गोष्ट. दुमजलीवर आपण इतकं बोलतो की एकमजलीचं काय झालं ते बाजूला राहतं. एकेकाळी साडेचार हजारांच्या आसपास असलेला मुंबईचा बसताफा आता तीन हजारांच्या खाली आहे, आणि त्यातल्या बऱ्याचशा बस भाडेतत्त्वावर, किलोमीटरमागे ठरलेल्या दराने चालणाऱ्या. किलोमीटरला पैसे देताना वरचा मजला भरलेला की रिकामा याने बिलात फरक पडत नाही. म्हणून भर दुपारी दोनला रिकाम्या डबल डेकर समुद्राकडे जाताना दिसल्या की माझ्यातला गिरगावला निघालेला पोरगा खूश होतो आणि घरपट्टी भरणारा माणूस मनात आकडेमोड करतो. १९२० मध्ये मुंबईत दुमजली ट्राम आली, १९३७ मध्ये दुमजली बस आली, तेव्हाही असेच कुणीतरी दोन्ही मनांनी तिच्याकडे बघत असेल. तेव्हा निदान दुसरं काही वेगाने येत नव्हतं. आता तर रस्त्याखालून मेट्रो जाते.

त्या मुलीचा कागद नीट बघायला मिळाला असता तर बरं झालं असतं. तिच्या चौकटी चांगल्या होत्या, नाही असं नाही. पण प्रश्न बसमध्ये चढलेल्यांनाच होते. जिना बघून जी बाई दुसऱ्या बसची वाट बघते, ती रांगेत दिसणारच नाही. रात्री वर एकटं बसावं लागेल म्हणून रिक्षा करणारी मुलगी दिसणार नाही. आणि "सामान असतं" या चौकटीत मांडीवरचा डबा येतो की नाही कोण जाणे. मी शहराच्या बसखात्यात असतो तर डबल डेकर घेतल्या असत्या, पण मोजक्या, आणि टर्मिनसपासून टर्मिनसपर्यंत जाणाऱ्या मार्गांना बांधून. बाकी पैशांत खालच्या पायरीच्या, साध्या, भरपूर आणि वेळेवर येणाऱ्या एकमजली बस. हे सांगताना मला आनंद होत नाहीये. आजही वरची पुढची सीट रिकामी दिसली की पाय वळतातच, फक्त चौथ्या थांब्यावर उतरायचं असतं म्हणून जात नाही.

त्याच आठवड्यात आईला फोन केला. ती आता डोंबिवलीला दादाकडे असते, ऐकायला थोडं कमी येतं, म्हणून मोठ्याने बोलावं लागतं. इकडचं-तिकडचं झाल्यावर विचारलं, "आई, तू डबल डेकरमध्ये वर कधीच बसली नाहीस ना?"

"बसले होते की. एकदा."

"कधी?"

"तू होतास की बरोबर. कडेवर होतास, वर्षाचा असशील. खाली पाय ठेवायला जागा नव्हती, कंडक्टर म्हणाला वर जा बाई, पोर आहे. गेले. बसले छान. तू लगेच झोपलास. आणि मग आपला थांबा आला तरी मला खाली येता येईना. एका हातावर तू, दुसऱ्या हातात पिशवी, आणि बस अशी हलतेय. खाली येईपर्यंत बस सुटली. पुढच्या थांब्याला उतरले आणि तशीच चालत मागे आले, उन्हाची."

"मग?"

"मग काय मग? ताईकडे पोचले. तिने आधी तुला घेतलं आणि मग मला पाणी दिलं." थोडं थांबून ती म्हणाली, "पण वरून बरं दिसत होतं हं. त्या कोपऱ्यावर एक घर होतं, त्यांनी गॅलरीत अबोली लावलेली. खालून कधी दिसली नव्हती मला."